आईबापांचं क्षमापन

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर चहाच्या वेळी मुलांचा विषय निघाला. आम्ही दोघं जे बोललो ते पत्रिकेसाठी लिहून द्या, असं काकांनी सांगितलं. आम्ही लेखक नाही. आमच्यातला एक मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी बघतो, दुसरी शाळेत शिकवते. दोघं मिळून लिहितोय म्हणून "आम्ही". लांबलं तर सांभाळून घ्या.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या दत्तजयंतीची आहे. आपल्यापैकी बरेच जण त्या दिवशी दांडिया बाजारातल्या हॉलवर होते, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही. आमचा धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा. मुलांच्या कार्यक्रमात तो करुणात्रिपदी म्हणणार होता. आम्ही महिनाभर तयारी करून घेतली होती. तयारी म्हणजे कशी, तर रोज रात्री जेवण झाल्यावर फोनवर रेकॉर्ड करायचं, मग ते लावून चुका मोजायच्या. इंग्रजी शाळा, बाहेर सगळं गुजराती, त्यामुळे त्याची मराठी घरातलीच. एकेका जोडाक्षरावर आम्ही दहा-दहा वेळा थांबवत होतो. शेवटच्या आठवड्यात चुका शून्यावर आल्या, तेव्हा आम्ही एकमेकांना टाळी दिली. त्याला दिली का, ते आता आठवत नाही.

हॉलमध्ये पहिलं पद उत्तम झालं. दुसऱ्या पदात तो मध्येच अडकला. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी हळूच शब्द सुचवला, पण त्याला ऐकू गेला नाही, कारण तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. समोर साठ-सत्तर माणसं होती, बाजूला पादुका होत्या, गुरुमहाराजांचा फोटो होता. तो त्यातल्या कशाकडेही बघत नव्हता. तो आमच्याकडे बघत होता. शब्द विचारायला नव्हे, आमचे चेहरे कसे झालेत ते बघायला.

ते चेहरे कसे झाले होते ते आम्हाला दिसलं नाही. त्याला दिसलं.

टाळ्या पडल्या, सगळ्यांनी पाठ थोपटली. घरी जाताना अ‍ॅक्टिवावर आम्ही तिघं, तो मध्ये, हातात प्रसादाचा डबा. दांडिया बाजारातून निजामपुऱ्यापर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. काळ्या घोड्याच्या सर्कलला सिग्नल लागला तेव्हा तो म्हणाला, "डबा सांडत नाहीये." आम्ही "हं" म्हणालो. बस, एवढंच. ओरडलो नाही, मारलं नाही, टोमणाही मारला नाही. रात्री झोपताना एकमेकांना म्हणालोसुद्धा, की बघ, आपण किती संयम ठेवला.

तो संयम नव्हता हे आम्हाला आमच्या थोरलीनं सांगितलं, तेही चारेक महिन्यांनी. ती तेव्हा अकरावीत होती. कशावरून तरी वाद झाला आणि ती म्हणाली, "तुम्ही रागावत नाही, तुम्ही तोंड करता. रागावलेलं परवडतं." मग तिनं विचारलं, "तो बाथरूममध्ये गाणं म्हणायचा बंद झालाय हे कळलंय का तुम्हाला?"

नव्हतं कळलं. आठवून बघितलं तर खरंच बंद झाला होता. करुणात्रिपदीच नाही, काहीच म्हणत नव्हता. आधी हा मुलगा अंघोळीला गेला की नवरात्रातले गरबे, जाहिरातींची गाणी, शाळेतली प्रार्थना, सगळं मोठ्यानं चालायचं. शेजारचे काका हसायचे. ते कधी थांबलं ते आम्हाला सांगता आलं नाही, आणि महिनाभर रोज त्याच्या चुका मोजणारे आम्हीच होतो.

आता ज्यांना करुणात्रिपदी पाठ आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. थोरल्या स्वामी महाराजांनी, म्हणजे श्रीवासुदेवानंद सरस्वतींनी, त्या पदांत दत्तप्रभूंना काय विनवलं आहे? राग आवरा, शांत व्हा, आमच्या अपराधांकडे बघू नका, तुमच्याशिवाय आम्हाला आईबाप कोण. आणि तीच पदं म्हणताना एक ओळ राहिली म्हणून आम्ही चार किलोमीटर तोंड फुगवून अ‍ॅक्टिवा चालवली. हे लिहिताना हसू येतं. त्या वेळी आलं नव्हतं.

परीक्षा कोणाची होती, हा प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस एकमेकांना विचारत होतो. त्याची नव्हती, त्याला तर गाणं आवडत होतं. परीक्षा आमची होती. परिवारातल्या मंडळींना दिसायला हवं होतं की परगावी, गुजरातेत राहून, दोघं नोकरी करूनसुद्धा या दोघांनी मुलाला मराठी दिलं, संस्कार दिले, स्पष्ट उच्चार दिले. पेपर आमचा आणि लिहायला बसवलं नऊ वर्षांच्या मुलाला. तुम्ही असं करत नसाल तर चांगलंच आहे. पण फॅमिली ग्रुपवर दहावीचे टक्के, नीटचे मार्क, अरंगेत्रमचे फोटो येतात, त्याखाली फुलांचे गुच्छ येतात, आणि ज्यांच्या घरी त्या दिवशी टाकण्यासारखं काही नसतं ते फोन पालथा ठेवतात, हे आम्ही दोन्ही बाजूंनी अनुभवलंय. फोन पालथा ठेवताना समोर मूल बसलेलं असतं. त्याला समजतं.

आमच्यातला जो क्वालिटी बघतो त्याला यातली गंमत नंतर कळली. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगवर मापाशेजारी टॉलरन्स लिहिलेला असतो. व्यास पंचवीस मिलिमीटर, प्लस-मायनस इतका. जगातलं कुठलंही लेथ बरोब्बर पंचवीस काढत नाही, काढलंसं वाटलं तर तुमचं मायक्रोमीटर तेवढं बारीक मोजत नाही एवढाच त्याचा अर्थ. शून्य टॉलरन्सचं ड्रॉइंग कोणी देत नाही, कारण तो पार्ट बनणारच नाही. वीस वर्षं तो हे नव्या पोरांना शिकवतोय आणि संध्याकाळी घरी येऊन मुलाच्या वहीत शून्य टॉलरन्स लावतोय.

दुसरीची गोष्ट वेगळी. तिच्या डोक्यात "श्यामची आई" बसलेली. मराठी घरात वाढलेल्या कोणत्या बाईच्या नाही? साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ते पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून मराठी आयांना एक फूटपट्टी मिळाली. शाळेतून सहा वाजता येऊन खिचडी टाकणारी बाई त्या पट्टीनं रोज कमीच भरते. पण नीट वाचलं तर त्या पुस्तकात आईच्या हातून मारही आहे. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती शिंपटीनं झोडते, आणि नंतर त्याच्या पाठीवरचे वळ बघून तिचेच डोळे भरून येतात. गुरुजींनी ते झाकलेलं नाही. झाकलं आपण, आठवणीत ठेवताना. वळ वगळून टाकले आणि उरलेली आई भिंतीवर लावली.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येतो. थोरलीच्या बोलण्यानंतर आम्ही सुधारायचं ठरवलं आणि त्यातही तोच घोटाळा केला. मोबाइलवर पालकत्वाचे व्हिडिओ बघायला लागलो. आवाज चढवायचा नाही, "नाही" म्हणायचं नाही, डोळ्यांच्या उंचीला वाकून बोलायचं. एक वही केली, दिवसातून कितीदा आवाज चढला ते त्यात लिहायचं. म्हणजे आधी मुलाच्या चुका मोजत होतो, आता स्वतःच्या मोजायला लागलो. वही तीच, नाव बदललं. आवाज चढला की रात्री रडारड, दोष एकमेकांवर, सकाळी मुलाशी अती गोड. मुलगा बिचारा आणखी गोंधळला. एकदा त्याच्याजवळ बसून आम्ही गंभीरपणे म्हणालो, "बाळा, आमचं चुकलं, आम्हाला माफ कर." त्यानं थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "कोणत्या वेळचं?"

त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

अशा अवस्थेत त्या वर्षी गुरुपौर्णिमेला गेलो. पूजा झाल्यावर गर्दी कमी झाली तेव्हा आमच्यातल्या दुसरीनं गुरुमहाराजांपुढे सगळं सांगून टाकलं, वहीसकट. महाराजांनी उपदेश वगैरे काही केला नाही. त्यांनी विचारलं, की आता पूजा झाली, तिच्या शेवटी काय म्हटलं? आम्ही म्हणालो, क्षमापन. काय मागितलं त्यात? मंत्र चुकले असतील, क्रिया राहिली असेल, भक्ती कमी पडली असेल, तरी पूर्ण मानून घ्या. मग महाराजांनी विचारलं, की किती ओळींचं आहे ते? दोन-चार ओळींचं. आणि पूजा केवढी? तासाभराची. यावर ते म्हणाले की तुम्ही दोन ओळींची पूजा करून तासभर क्षमा मागत बसलाय, नैवेद्य गार होतोय. आणि ते पुढच्या माणसाकडे वळले.

घरी येईपर्यंत आम्ही यावरच बोलत होतो. लहानपणापासून आपण क्षमापन म्हणत आलो, पण कधी त्याचा विचार केला नाही. शास्त्र लिहिणाऱ्यांनी प्रत्येक पूजेच्या शेवटी ते ठेवलंय. चुकली असेल तरच म्हणा, असं नाही, रोज म्हणा. म्हणजे त्यांनी गृहीतच धरलंय की निर्दोष पूजा कोणाकडून होत नाही. मोठमोठ्या दशग्रंथी ब्राह्मणांनाही ते म्हणावं लागतं. आणि गंमत म्हणजे ते म्हटल्यावर कोणी "माझी पूजा कमी पडते, उद्यापासून देव दुसऱ्याकडे देतो" असं म्हणत नाही. उद्या सकाळी पुन्हा ताम्हन घासायचं असतं. चूक मान्य करायची, थोडक्यात करायची, हात जोडून करायची, आणि उठून पुढच्या कामाला लागायचं. आम्हाला यातलं पहिलं येत नव्हतं, मग ते शिकलो तर तिथंच बसून राहिलो.

वर काळ्या घोड्याचा उल्लेख आला. त्या सर्कलवरून आपण सगळे इतक्या वेळा जातो की घोड्यावर कोण बसलंय याकडे लक्षही जात नाही. बडोद्याच्या मराठी माणसाच्या मनात श्रीमंत सयाजीराव महाराजांची जागा देवघराच्या खालोखाल आहे. आम्ही त्यांच्याबद्दल वाचायला लागलो ते मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी. (तो प्रोजेक्ट त्यानं स्वतः केला, आम्ही फक्त वाचलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण आधीचे सगळे आम्ही केले होते.) आणि वाचताना आम्ही जिथं थांबलो ती जागा प्रोजेक्टमध्ये कधीच येत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा बडोद्याला येतो, अक्षरओळख नसलेला. २७ मे १८७५ ला जमनाबाई राणीसाहेब त्याला दत्तक घेतात. इलियट साहेब शिकवतात, दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभाराचे पाठ देतात, आणि साडेसहा वर्षांत, २८ डिसेंबर १८८१ ला, तो सगळा कारभार हातात घेतो. पुढचं आपल्याला तोंडपाठ आहे. १८९३ ला अमरेली तालुक्यातल्या गावांत सक्तीचं मोफत शिक्षण, १९०६ ला सगळ्या राज्यात. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड. १९०८ ला बँक, १९१० पासून गावोगाव वाचनालयं. ज्या कामाला हात लावला ते काटेकोर झालं. किंमतही मोजली. १८८७ साली महाराज पहिल्यांदा युरोपला गेले ते प्रकृतीसाठी, झोप लागत नव्हती म्हणून. पुढेही निद्रानाशानं त्यांना सोडलं नाही.

आणि घरी? चार मुलगे आणि इंदिराराजे. थोरले फत्तेसिंहराव दोन वर्षांचेही नसताना त्यांच्या आई, पहिल्या चिमणाबाई राणीसाहेब, गेल्या. मुलांच्या शिक्षणात महाराजांनी काही कमी ठेवलं नाही. जयसिंहराव अमेरिकेत हार्वर्डला, शिवाजीराव इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला, तिथल्या क्रिकेट संघातसुद्धा. आज एखाद्या घरात अशी मुलं असती तर फॅमिली ग्रुप गुच्छांनी भरून गेला असता. ज्या १९०८ मध्ये बँक सुरू झाली त्याच वर्षी फत्तेसिंहराव गेले, पंचविसाव्या वर्षी. १९१९ ला शिवाजीराव. १९२३ ला जयसिंहराव. दारूनं या घराचं काय केलं ते त्या काळी सगळ्यांना माहीत होतं. महाराज स्वतः ६ फेब्रुवारी १९३९ ला वारले तेव्हा गादीवर मुलगा आला नाही, नातू प्रतापसिंहराव आले.

इंदिराराजेंची गोष्ट वेगळी. त्यांचं लग्न ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरलं होतं. ते त्यांच्यापेक्षा बरेच मोठे, घरात आधीची राणी. १९११ साली या एकोणीस वर्षांच्या मुलीनं आईवडिलांना न सांगता स्वतः पत्र लिहून ते लग्न मोडलं. तिचं मन कूचबिहारच्या राजपुत्रावर बसलं होतं. आता बघा, त्याच १९११ मध्ये तिच्या आईचं, दुसऱ्या चिमणाबाई राणीसाहेबांचं, भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक लंडनला छापून आलं होतं. पुढे १९२७ ला पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं त्याच्या अध्यक्षाही त्याच. देशातल्या बायकांनी काय काय करावं हे ज्यांनी लिहिलं त्यांना स्वतःच्या लेकीनं ते केलेलं सोसलं नाही. दोन वर्षं घरात ओढाताण चालली. १९१३ मध्ये महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला निघाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला इंदिराराजेंचं लग्न लागलं तेव्हा आईवडील हजर नव्हते.

आम्हाला यात महाराजांचा किंवा राणीसाहेबांचा दोष काढायचा नाही. आम्ही काढणारे कोण? उलट आम्ही हे वाचून गप्प झालो. कडक शिस्तीमुळे मुलं बिघडली, असं सहज म्हणता येईल, आणि तसं म्हणणारे असतीलही. पण तसं म्हणणं म्हणजे पुन्हा तेच, मुलाच्या आयुष्याचा कागद घेऊन आईबापांना मार्क देणं. मुलं आपापलं नशीब, आपापला स्वभाव, आपापल्या चुका घेऊन येतात. आई नसलेलं घर, राजवाड्यातलं एकटेपण, त्या काळातली परदेशी संगत, किती धागे असतील. ज्यानं लाखो मुलांना शाळेत बसवलं त्याला स्वतःच्या मुलांचं आयुष्य बसवता आलं नाही. याच्यानं तो माणूस लहान होत नाही. पण मग आपण निजामपुऱ्याच्या दोन खोल्यांत बसून काय समजतोय? की टाइमटेबल नीट लावलं, क्लास नीट निवडला, एकही दिवस आवाज चढवला नाही, तर मूल आपल्याला हवं तसं बाहेर पडेल? ज्याच्या हातात अख्खं राज्य होतं त्याला जमलं नाही ते.

आम्हाला सगळ्यात जवळचं वाटलं ते पुढचं. आईवडील आणि लेक कायमचे दुरावले नाहीत. इंदिराराजेंची मुलं पुढे आजोळी यायची, कूचबिहारपासून बडोद्यापर्यंत रेल्वेचा लांबलचक प्रवास करून. त्यांतल्याच एक, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी, यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाची सुरुवातच त्या प्रवासापासून आणि बडोद्याच्या राजवाड्यातल्या आजीआजोबांपासून केली आहे. लग्नाला न गेलेले आजीआजोबा. कोण आधी नमलं, काय बोलणं झालं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण मांडव रिकामा राहिला तरी घर उघडं राहिलं.

डॉक्टर मंडळींचंही याला दुजोरा देणारं म्हणणं आहे. इंग्लंडमध्ये डोनाल्ड विनिकॉट नावाचे लहान मुलांचे डॉक्टर होते, १८९६ ते १९७१ हा त्यांचा काळ. हजारो आया आणि बाळं बघितल्यावर त्यांनी "पुरेशी चांगली आई" असा शब्द वापरला. परिपूर्ण नाही, पुरेशी. तान्ह्या बाळाचं सगळं आई तत्काळ करते, मग हळूहळू तिच्याकडून थोडं थोडं कमी पडतं, बाळाला झेपेल इतकंच, आणि त्या कमी पडण्यातूनच मूल जगाला ओळखायला शिकतं. अमेरिकेतल्या एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळ समोरासमोर बसवून त्यांचं चित्रीकरण केलं आणि सेकंदासेकंदानं बघितलं. चांगल्या, प्रेमळ आयांचंही बाळाशी सूर जुळलेलं असणं एकूण वेळेच्या साधारण तीस टक्केच भरलं. बाकीचा वेळ सूर निसटतो आणि पुन्हा सापडतो. मूल शिकतं ते या पुन्हा सापडण्यातून. हे वाचल्यावर आमच्यातली दुसरी मोठ्यानं म्हणाली, "तीस! म्हणजे शाळेत मी नापास केलं असतं."

ज्येष्ठांची शंका आम्हाला माहीत आहे, त्या गुरुवारी दोघा-तिघांनी बोलूनही दाखवली. मग काय, मुलांना मोकळं सोडायचं? चूक दिसली तरी बोलायचं नाही? आमच्या वडिलांनी छडी मारली म्हणून आम्ही माणसात आलो. काका, तुमच्या वडिलांबद्दल आम्ही काही बोलणार नाही. पण कारखान्यात टॉलरन्स असतो म्हणून कोणी डोळे मिटून माल पाठवत नाही. मापाबाहेर गेलेला पार्ट परत मशीनवर जातोच. आमच्या घरात आजही अभ्यास झाला का विचारलं जातं, खोटं बोलला तर बोलणी बसतात, रात्री दहानंतर फोन बाहेरच्या खोलीत राहतो. बदललं ते इतकंच की बोलून झालं की आता विषय संपतो. चेहरा रात्रभर चालू राहत नाही. निदान प्रयत्न तसा असतो. मागच्याच आठवड्यात थोरलीच्या कॉलेजच्या फॉर्मवरून एक चेहरा दीड दिवस चालला, हेही सांगून टाकतो.

अवधूतांचे चोवीस गुरू आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. भागवताच्या एकादश स्कंधात ते यदुराजाला एकेक सांगतात. त्यात कपोताची गोष्ट आहे. पिल्लं जाळ्यात सापडली म्हणून मादीनं उडी घेतली, तिच्यामागून नरानं, आणि पारध्याची सोय झाली. प्रवचनात आपण ही गोष्ट नेहमी आसक्तीसाठी ऐकतो. पण त्याच यादीत एक लहान मूलही आहे. मानाची फिकीर नाही, अपमानाची नाही, आपल्यातच रमलेलं. आम्ही कितीदा ही यादी वाचली असेल. आपल्या घरात एक गुरू बसलाय आणि आपण त्यालाच मान-अपमान शिकवतोय, हे करुणात्रिपदीच्या त्या रात्री लक्षात आलं असतं तर बरं झालं असतं.

पण नाही आलं. आणि आम्ही आता ते रोज उगाळत नाही. देवाजवळ दिवा लावताना एकदा आठवतं, दोन ओळींपुरतं, मग कुकर लावायचा असतो.

तो बाथरूममध्ये पुन्हा गायला लागला का, असं परवा एका ताईंनी विचारलं. नाही. कधी गुणगुणतो, आम्ही जवळ गेलो की थांबतो. गाणं परत येईल किंवा नाही येणार. त्याचा आवाज आता फुटायला लागेल, मग वेगळंच काही येईल. यंदाच्या दत्तजयंतीसाठी मुलांच्या नावांची यादी ग्रुपवर फिरली तेव्हा आम्ही त्याला एकदाच विचारलं, "नाव द्यायचं?" तो नाही म्हणाला. आमच्यातल्या एकाच्या तोंडावर "अरे पण" आलं होतं, दुसऱ्यानं पायावर पाय दिला. यादीत त्याचं नाव नाही.

तो आणि त्याचा मित्र दाराशी चपला सांभाळायला बसणार आहेत. हे त्यांनी स्वतःच ठरवलंय आणि काकांना विचारूनही घेतलंय. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची शंभर टोकनं रविवारी दुपारी जमिनीवर बसून कापली, स्केचपेननं नंबर टाकले, भोकं पाडून सुतळी ओवली. काही चौकोनी झालीत, काही कशीतरी. ती सगळी आता आमच्या टीव्हीखाली एका पिशवीत आहेत. काल आम्ही सहज चाळली तर सदतीस नंबर दोनदा आलाय, आणि अडतीस नाहीच.

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि पिशवी होती तशी बांधून ठेवली. दत्तजयंतीला सदतीस नंबरवाले दोघे एकदम आले तर आपापसांत बघून घ्या, एवढी विनंती.

जय गुरुदेव.